झाकायची राहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी काळी फिल्म आहे. सिनेमाची नव्हे, लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटवायची. समोर बसलेल्याला माझ्यातून सगळं स्वच्छ दिसतं. शेजारून डोकावणाऱ्याला नुसता काळोख. एसटीत माना वाकड्या करून बघणारे कितीतरी जण माझ्यामुळे हिरमुसले. मला त्याची फार मौज वाटायची.

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि खोक्यात बसून मी रत्नागिरीला सानिकाकडे आले. सानिका मूळची राजापूरची. लोकांची खाजगी माहिती इंटरनेटवर फुटली की ती कुठून फुटली ते शोधायचं, ती वाट बंद करायची आणि ज्यांची माहिती फुटली त्यांना पत्राने कळवायचं, हे तिचं काम. परक्याचं नाव वाचायचं नाही, हा तिचा कडक नियम. सात वर्षं मी तिच्यासमोर होते. माझ्या कडा उचलल्या, अंगावर ओरखडे पडले, तरी तिने मला बदललं नाही. 'ही माझी राखणदार,' असं ती म्हणायची आणि मी फुशारून जायचे.

गेल्या वर्षी इथल्या एका लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडले. सानिकाने चार दिवस खपून ते बंद केले. मग लोकांना सावध करायला मच्छीमार सोसायटीने तिला बोलावलं. नमुना म्हणून तिने लॅबच्या परवानगीने एक रिपोर्ट घेतला. नाव, फोन, आधार क्रमांक यांवर संगणकानेच काळ्या पट्ट्या ओढल्या. पत्त्याच्या जागी एवढंच उरलं, 'जलकमल होडीवाले, बंदर.' त्यात काय झाकायचं, असं तिला वाटलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये तो रिपोर्ट भिंतीवर भला मोठा दिसू लागला. भिंतीवर माझं काही चालत नाही. खाली लिहिलं होतं, क्षयरोग. मागच्या रांगेतली सोनूबाई हळूच म्हणाली, "जलकमल म्हंजे गुणाजीची होडी. ही तर त्याच्या घरातली आपली बकुळा."

बकुळामावशी म्हणजे सानिकाच्या दारावर रोज मासे आणणारी. तिची औषधं कधीच पूर्ण झाली होती, ती बरी झाल्याचं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण आता तिच्या पाटीपुढे कोणी थांबेना. सकाळी नेलेले बांगडे दुपारी तसेच घरी यायचे.

सानिकाने दोन दिवस हे पाहिलं. मग तिने पत्र लिहिलं. अशी पत्रं तिने आजवर हजारो जणांना पाठवली होती, हे मात्र एकटीसाठी होतं. 'माहिती फुटलेल्या व्यक्ती एक. चूक माझी.' मावशीला वाचता येत नाही, म्हणून तिच्या पडवीत बसून सानिकाने ते वाचून दाखवलं. मी लॅपटॉपच्या पिशवीतून ऐकत होते.

मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"झालं वाचून?"

"हो, मावशी."

"मंग फाड तो कागद, बाय. त्याच्यात पन माझं नाव हाय."

सानिकाला तो फाडवेना. शेवटी मावशीनेच तो फाडला आणि चुलीत घातला.

आता मावशी पहिल्या एसटीने पालीच्या बाजारात मासे विकायला जाते. तिथे तिला कोणी ओळखत नाही. सानिकाने मला सोलून खणात टाकलं आहे. त्याचं मला दुःख नाही. पण जन्मभर मी शेजारच्यांचे डोळे अडवत बसले आणि समोरून सगळ्या गावाने पाहिलं, हे आठवलं की काळीज तुटतं.

मित्रांनो, दुसऱ्याचं काही चारचौघांत मांडण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा. सानिकाने लॅबला विचारलं होतं, सोसायटीला विचारलं होतं. बकुळामावशीला कोणी विचारलं नाही, आणि ती तर रोज सकाळी दारावर यायची.