माडीवरची आर्वी लाइन

पुलगावहून आर्वीला जाणारी छोटी रेल्वेलाइन बंद झाली, त्याच वर्षी रूपरावांनी ती घरात टाकायला घेतली. त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, हात बारीक कामाला सरावलेले. माडीवरच्या खोलीत त्यांनी भिंतीलगत अठरा फूट लांब प्लायवूड ठोकलं. छत्रीच्या काड्यांचे रूळ केले, खराट्याच्या काड्यांचे स्लीपर. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून इंजिन बनवलं आणि त्यात मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर बसवली.

पण लाइन कुठे वळते, हे शोभाबाईंनाच ठाऊक. त्यांचं माहेर आर्वीचं, वीस वर्षं त्याच गाडीनं येणंजाणं. "विरूळच्या टेसनाले दोन कडुलिंब होते, एक नाई," त्या सांगायच्या, आणि मग काथ्या हिरव्या रंगात बुडवून दुसरा कडुलिंब स्वतःच करायच्या. संध्याकाळी रूपराव पुलगावच्या टोकाला बसत, त्या आर्वीच्या. शोभाबाईंनी घंटीचं बटण दाबलं की गाडी सुटायची. हे सहा वर्षं चाललं.

खाली थोरले भाऊ महादेवराव राहत. २००३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचं, नीलेशचं लग्न निघालं. लग्नाच्या आठ दिवस आधी रूपराव आणि शोभाबाई हिंगणीला शोभाबाईंच्या बहिणीकडे बारशाला गेले. तिसऱ्या दिवशी परतले, तर माडीचं कुलूप तुटलेलं. भिंतींना ताजा चुना, जमिनीवर नव्या गाद्या. प्लायवूड करवतीनं कापून सिमेंटच्या पोत्यांत भरलेलं आणि पोती गच्चीवर.

दोघं खाली आले. महादेवराव ओसरीवर पत्रिकांवर नावं लिहीत होते.

"पाहुण्याईले जागा लागते," ते मान वर न करता म्हणाले. "आन् शोभाबाई बी कटाळल्या होत्या त्या पसाऱ्याले."

रूपरावांनी खाली पाहिलं. "जाऊ द्या, दादा. लग्नाचं घर आहे."

शोभाबाईंना थोरल्या दिरावर राग आलाच, पण त्या 'जाऊ द्या'चा त्याहून जास्त आला. त्या तशाच गच्चीवर गेल्या. पहिल्या पोत्यात आर्वीचं स्टेशन सापडलं, कोणीतरी पाय देऊन चपटं केलेलं. त्यांनी ते पोतं ओढत माडीवर आणलं आणि नव्या गाद्यांवर उपडं केलं. मग दुसरं, मग तिसरं. वाकलेले रूळ, तारा, भुसा सगळीकडे पसरला.

जाऊबाई, विमलाबाई, धावत वर आल्या. "असं नोको करू, शोभा. उद्या पाहुणे येऊन राह्यले."

"येऊ दे."

त्या पुन्हा खाली उतरल्या. सासरी आल्यापासून सव्वीस वर्षांत थोरल्या दिरासमोर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"भाऊजी, मी कटाळली होती, हे तुमाले कोनं सांगतलं?"

महादेवरावांनी पेन खाली ठेवलं. "बाईमाणसानं मधात..."

"मले इचारलं का?" त्यांनी रूपरावांकडे मान वळवली. "यायले इचारलं? आमी घरी नाई पाहून तुमी कुलूप तोडलं. दुसऱ्या कोनं तोडलं असतं तं तुमीच त्याले चोर म्हटलं असतं."

रूपराव हळूच म्हणाले, "शोभा, पुरे."

"पुरे नाई. माडी वाटणीत आमची आहे. पाहुणे तुमच्या खोल्याईत झोपवा."

त्यांनी माडीला नवं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. पाहुणे शेजाऱ्यांकडे झोपले. शोभाबाई लग्नाला गेल्या नाहीत. रूपराव गेले, पंगतीत वाढायलाही उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी कसं झालं ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्या उठून चुलीकडे गेल्या. नवी सून पाया पडायला वर आली, तिची मात्र त्यांनी ओटी भरली. तिच्याशी त्यांचं भांडण नव्हतं.

"माह्याच्यानं आता लाइन परत होत नाई," रूपराव म्हणाले. शोभाबाईंनी दुकानातून सोल्डरगन आणली आणि स्वतः बसल्या. बोटं भाजली. कथलाचा डाग कधी धरायचा, कधी सुटायचा. राग आला की त्या सोल्डरगन खाली ठेवत.

श्रावणात एकदा रूपराव दारात येऊन उभे राहिले. "रूळ वाकडा बसून राह्यला."

"बसू दे."

"गाडी पडन."

"पडली तं मी उचलीन. तुमी जा, दादापाशी बसा."

ते गेले नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले, "त्या दिवशी मी बोलाले पाह्यजे होतं."

शोभाबाईंनी हातातला डाग पुरा केला, त्यावर फुंकर घातली. "हो," त्या म्हणाल्या. "पाह्यजे होतं."

बसा असं त्या म्हणाल्या नाहीत. रूपराव आपणच खाली बसले आणि रुळाचं दुसरं टोक धरलं. दिवाळीपर्यंत लाइन आर्वीहून मधल्या रोहणा स्टेशनापर्यंत आली. महादेवराव जिन्यात समोर आले, तर शोभाबाई अजूनही भिंतीकडे बघून वर जातात.