हलकेच, कोपरानं

दत्तोबा पहाटेच कोथिंबिरीच्या जुड्या स्कूटरवर लादून मार्केट यार्डाला गेला होता. त्याचा मुलगा विक्रम कंपनीच्या बसची वाट बघत ओसरीवर चहा पीत होता, तेव्हा तो मेसेज आला. विक्रमनं वाचला, भुवया उडवल्या, आणि पुढचा घोट घेईपर्यंत मेसेज फोनवरून गायबही झाला. ज्यानं धाडला त्यानंच पुसून टाकला होता.

"संजयचा होता," तो आईला म्हणाला. "आज दत्तोबांना नज कर, जेंटली. एवढंच."

संजय म्हणजे बिल्डरच्या ऑफिसातला गोड बोलणारा माणूस. हिंजवडीच्या अंगाची गावातली सगळी रानं टॉवरखाली गेली होती. दत्तोबाचं विहिरीचं रान तेवढं मधोमध हिरवं उरलं होतं, आणि बिल्डरचं घोडं तिथंच अडलं होतं. संजय दर आठवड्याला यायचा, चपला बाहेर काढायचा, दत्तोबाच्या बायकोच्या, शकूच्या हातच्या चहाची तारीफ करायचा. दत्तोबा दर वेळी "इचार करून सांगतो" म्हणायचा. त्याचा हा इचार कधी पुरा व्हायचा नाही, हे आता बिल्डरलाही कळून चुकलं होतं.

"नज म्हंजी काय रं?" शकूनं विचारलं.

"काही नाही गं. आमच्या ऑफिसात दिवसभर तेच चालतं. कुणी रिप्लाय दिला नाही की त्याला नज करायचं. म्हणजे आठवण द्यायची, प्रेमानं. ऑर्डर नाही, फोर्स नाही." आईचा चेहरा तसाच राहिला, म्हणून त्यानं फोनवर शब्दकोश उघडून वाचून दाखवलं. "हे बघ. कोपराने हलकेच ढोसणे."

कोपराचं शकूला कुणी शिकवायला नको होतं. उभा जन्म तिनं नवऱ्याला कोपरानंच सांभाळलं होतं. बैठकीत बायकांनी तोंड उघडायचं नाही, ही या घराची रीत. मग ती कपबशा ठेवायच्या निमित्तानं दत्तोबाच्या मागं टेकायची, आणि गडी रंगात येऊन भलतंच कबूल करायला लागला की बरगडीत हळूच ढोसायची. दत्तोबा उरलेलं वाक्य गिळून टाकायचा. सोयरिकी, भावकीच्या वाटण्या, सगळं तिनं असंच निभावून नेलं, आणि गावात शहाणा म्हणून नाव झालं ते दत्तोबाचं.

"मग पुसला कशापायी?" ती म्हणाली.

"अगं, दुसऱ्या कुणाला पाठवायचा असेल, चुकून मला..." बोलता बोलता विक्रम थांबला. मग स्वतःशीच हसला. "आई, तू पण ना. सीरियल कमी बघत जा." फाट्यावर बसचा हॉर्न वाजला आणि तो सॅक उचलून चालू लागला.

शिकल्यासवरल्या माणसाला एखाद्या शब्दाचा अर्थ मिळाला की त्याचं समाधान होतं. शकूचं होईना. माणसाला हलकेच ढोसलं तर तो वळून बघतो. हायवेला कंटेनरच्या रांगेत चाललेल्या स्कूटरला हलकेच ढोसलं तर? तिनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. दत्तोबा फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटखालच्या डिकीत ठेवायचा, घामानं बिघडतो म्हणून. हे तिला ठाऊक होतं, तरी ती लावत राहिली.

शाळेची पिवळी बस गेली. एरवी तिच्या मागोमाग स्कूटर यायची, ती आली नाही. शकूनं तवा चुलीवर ठेवला आणि उतरवला. रस्त्यावर कुणी मोठ्यानं बोललं तरी तिला वाटायचं, आले सांगायला. कुणाला विचारावं तर काय विचारावं? इंग्रजी शब्दाचं भ्या वाटतंय म्हणून सांगितलं असतं तर गावानं वेड्यात काढलं असतं. ती दारात उभी राहिली.

ऊन चांगलं वर आल्यावर दत्तोबा आला, स्कूटर हातानं ढकलत. मागचा लाल दिवा फुटलेला, एक बाजू खरवडलेली, ढोपरावर रुमाल बांधलेला.

"काय न्हाई झालं," तो लांबूनच म्हणाला. "पुलाच्या अलीकडं मागनं टेम्पोचा जरासा धक्का लागला. रस्त्याच्या कडंच्या मातीत पडलो म्हणून वाचलो. दुसऱ्या अंगाला पडलो असतो तर ट्रकच व्हता."

शकूनं त्याचा दंड घट्ट धरला.

"डायवर लई गुणी पोरगं निघालं बग," दत्तोबा कौतुकानं म्हणाला. "उतरून गाडी उचलली, सांडलेल्या जुड्या गोळा केल्या, ढोपर पुसलं. जाताना म्हनला, काका, जपून. आन् शकूकाकीला नमस्कार सांगा."

"त्याला माझं नाव कुणी सांगितलं?"

दत्तोबानं डोकं खाजवलं. "आसंल आपल्याकडचा कुणीतरी," म्हणाला, आणि ढोपर धुवायला मोरीकडं गेला. शकू मात्र होती तिथंच खाली बसली. तिला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही.

विक्रमला तिनं संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यानं जाऊन फुटका दिवा बघितला. "हायवेला रोज होतं गं असं. कोइन्सिडन्स आहे," तो म्हणाला; पण या वेळी हसला नाही.

दिवेलागणीला संजय आला. चपला बाहेर काढल्या, मांडी घातली, रानाच्या कागदांची प्लास्टिकची फाइल अलगद समोर ठेवली.

"काका, घाई अजिबात नाही," तो म्हणाला. "आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही. साहेब म्हणाले, एकदा जाऊन नज करून ये, म्हणून आलो."

विक्रमनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि आईकडं बघितलं. शकू कपबशा घेऊन नेहमीसारखी दत्तोबाच्या मागं टेकली होती. संजयनं चहाचा घोट घेतला, वाखाणला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "उद्यापण पहाटे निघणार ना, मार्केट यार्डाला?"

"निघनार की," दत्तोबा म्हणाला. "माल काय घरात ठेवतो का? आन् कागदाचं म्हनशील तर, इचार करून..."

त्याच्या बरगडीत कोपर टेकलं.

दत्तोबा बोलायचा थांबला. कबूल तर तो काहीच करत नव्हता; त्याला वाटलं, चुकून लागलं असेल. पुन्हा लागलं, तसंच, हळूच. त्यानं मान वळवून बायकोकडं बघितलं. ती खाली, त्याच्या सोललेल्या ढोपराकडं बघत होती. या कोपराचं त्यानं कधीच मोडलं नव्हतं आणि कधी पस्तावलाही नव्हता. तो बराच वेळ विहिरीच्या बाजूला बघत राहिला. मग म्हणाला, "पेन आन."

संजयनं खिशातून पेन काढून टोपण उघडून दिलं.

तो गेल्यावर विक्रम आईजवळ येऊन बसला. त्याला अगदी हलकं वाटत होतं. "बघ, सकाळी म्हटलं होतं ना तुला," तो म्हणाला. "नज म्हणजे एवढंच असतं."

शकूनं "व्हय" म्हटलं आणि आपलं कोपर पदराखाली झाकून घेतलं.