क्रॅब्ट्रीसाहेबांना कोंडून ठेवणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे आणि माझा स्वभाव डूख धरणारा आहे. त्याला कारण आहे. माझं लाकूड एका बुडालेल्या मच्छीमार बोटीचं. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरातल्या सुताराने ते समुद्रातून ओढून काढलं, तेव्हा आत एक जिवंत खेकडा निघाला. तो सुताराला चावला, आणि त्या खेकड्याचा स्वभाव तेवढा माझ्यात राहिला.

तरुणपणी माझं फार कौतुक होई. मच्छीमारांच्या बायका माझी पितळी कडी घासून आरशासारखी ठेवत. मग हे घर क्रॅब्ट्रीसाहेबांनी विकत घेतलं आणि कडीवर हिरवा थर चढला. भाडेकरू बदलला की साहेब रंगाचा डबा घेऊन येत. ओल, बुरशी, कोळिष्टकं, सगळ्यावर पांढरा रंग फासून मोकळे! खिडक्या त्या रंगानेच कायमच्या चिकटल्या. मागच्या दाराचं कुलूप बिघडलं, तर दुरुस्ती नकोच म्हणून त्यावर फळ्या ठोकल्या.

एका सकाळी ते मला रंगवत असताना ग्लेनिस घर भाड्याने मागायला आली. मासळीच्या कारखान्यात कामाला, बोटाशी तिची छोटी लेक टेसी. बेघरांसाठीच्या निवाऱ्यातली खोली त्यांना शुक्रवारी सोडायची होती. पुढे जायला जागा नव्हती.

"भाड्याला सरकारी मदत घेता का?" साहेबांनी ब्रश न थांबवता विचारलं.

"थोडी. पगार पुरत नाही हो. पण भाडं कधी थकवलं नाही."

"मदतवाले नकोत मला. तुम्ही लोक घराचा उकिरडा करता."

"असं सरसकट नाही म्हणता येत नाही, साहेब. कायदा आहे."

"बरं, मग घर आधीच भाड्याने गेलं म्हणतो. झालं?"

आणि त्यांनी मला तिच्या तोंडावर आपटलं. माझ्या कडा रंगाने ओल्या, चौकटही ओली.

एवढीच संधी मला हवी होती! समुद्रावरची सगळी दमट हवा मी पोटात घेतली आणि असा फुगलो की चौकट करकरली. रंग वाळला. साहेबांनी ओढलं, लाथा घातल्या, शिव्या दिल्या. फोन गाडीत राहिलेला. खिडक्या चिकटलेल्या. मागे फळ्या!

दुपारी शेजारच्या हिल्डाकाकू फुटपाथवर खुर्ची टाकून, चहा घेऊन बसल्या. नाटक फुकट होतं. टेसीचा पायरीवर पडलेला हातमोजा न्यायला ग्लेनिस परत आली. पत्रं टाकायच्या फटीतून साहेबांची बोटं बाहेर आली.

"अहो बाई, ढकला जरा!"

"आधी चौकशी करते. काम काय करता?"

"काम कसलं? घरं आहेत माझी!"

"म्हणजे दुसऱ्यांच्या पैशावर जगता. अशांना आम्ही मदत करत नाही."

हिल्डाकाकूंचा चहा सांडला. "पोरी, जामीन राहायला कोणी आहे का विचार त्याला!"

"देतो! घर तुलाच भाड्याने देतो!"

"काकू, ऐकलंत?"

"मी काय, अख्ख्या गल्लीने ऐकलं."

ग्लेनिसने खांदा लावला. मी हललो नाही. साहेबांनी तेच वचन आणखी मोठ्याने, रडवेल्या आवाजात दिलं, तेव्हा कुठे मी श्वास सोडला आणि उघडलो. त्या दमट श्वासाने माझा रंग पुन्हा ओला झाला आणि माझ्यावर टेकलेल्या त्यांच्या कपाळावर पांढरा पट्टा उमटला. तो अजून कुठल्याही साबणाने जात नाही.

आता टेसी माझी कडी घासते, ग्लेनिस बिजागऱ्यांना तेल घालते. मित्रांनो, तुम्हीही आपल्या दाराची निगा राखा, आणि दारात आलेल्या माणसाची त्याहून जास्त राखा.

साहेब अजूनही अधूनमधून घर बघायला येतात. ग्लेनिस भली बाई, त्यांना आत बोलावते. पण ते पायरीवरूनच बोलतात. त्यांची चाहूल लागली की मी किंचित फुगतो.