चौदा नंबरचा रहाट

"वास घ्या की अप्पा. नुसता वास घ्या!" असं म्हणत रीळ खात्यातल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या बनाबाई नायकिणीनं सुताची लड चन्नप्पाच्या थेट नाकाशी नेली, तसा चन्नप्पा दोन पावलं मागे सरला.

लडीला तंबाखूच्या पानाचा वास येत होता, यात शंका नव्हती. पण तो लडीचा होता की बनाबाईच्या हाताचा, हे सांगणं कठीण होतं. त्या घटकेलाही तिच्या डाव्या गालात एक विडा बसलेला होता.

"कुणाची लड?"

"चौदा नंबर. सोजरबाईची. ह्या आठवड्यातली तिसरी बगा. पांढऱ्याधोप सुतावर पिचकारी! खात्याचं मास्तर म्हनले, अप्पाची सही आन, दुपारीच बाईला नारळ देऊ."

चन्नप्पानं लड खिडकीपाशी नेऊन पाहिली. वाटाण्याएवढे तांबूस डाग, एकाखाली एक, चार. लड मेजावर ठेवून त्यानं हात धुतले, आणि बनाबाईला सांगितलं, "दुपारी बघू."

रंगखात्याच्या मागची ती औषधाची खोली म्हणजे चन्नप्पाचं राज्य. बाटल्या, काचेच्या नळ्या, एक दिवा आणि डाग लागलेल्या कापडाचे तुकडे चिकटवलेली जाडजूड रजिस्टरं. गिरणीत कुठंही सूत बिघडलं, रंग उतरला, कापडावर ठिपका पडला, की ते इथं यायचं. चन्नप्पा चार इयत्ता शिकलेला, पण एका जुन्या रंगमास्तरच्या हाताखाली थेंब टाकायला शिकला होता. कुठल्या पाण्यात काय विरघळलंय, हे थेंब टाकला की कळतं. एक थेंब पडला की मीठ दह्यासारखं फुटतं, दुसरा पडला की तुरटी ढगासारखी तरंगते. माणसं खोटं बोलतात, थेंब बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं, आणि त्यामुळे माणसांवरचा त्याचा विश्वास पार उडाला होता.

घरीही तेच. दुधात पाणी, हळदीत माती, मिठात चुना. बाळी वेशीतला एक दुकानदार असा उरला नव्हता ज्याच्यावर चन्नप्पाला संशय नव्हता. त्याची बायको शेजारणींना सांगायची, "ह्यांना उद्या सिद्धेश्वर परसन्न झाला ना, तर आधी त्याच्या भस्मावर थेंब टाकतील, मग पाया पडतील."

तेव्हा आताही तो आधी बनाबाईचाच संशय घेत बसला. नायकिणीची एक भाची दोन महिने कामाच्या आशेवर दारात उभी होती. रीळ खात्यात सुताच्या लडी गुंडाळणाऱ्या पन्नास बायका, त्यातली एक जागा मोकळी झाली तर भाचीची सोय. पिचकारी कुणीही मारू शकतं.

दुपारच्या सुट्टीत दार वाजलं आणि सोजरबाई आत आली. तिशीची, अंगानं काटक. पदराखाली काहीतरी धरलं होतं. झालं, आता संशय तिच्यावर.

"काय आहे ते?"

"शेंगाची चटणी, अप्पा. आईनं केलीया. भाकरीसंगं खाते मी रोज. म्हनलं, तुमास्नी..."

"उचल ती. आधी उचल!" चन्नप्पा असा ओरडला की ती दचकली. "सही करायच्या आधी मी कुणाचं काही खात नाही."

तिनं पुडकं परत पदराखाली घेतलं. चेहरा उतरला, पण ती गेली नाही. "मी पान खातच न्हाय. बगा की तोंड." आणि तिनं खरंच तोंड उघडून दाखवलं. दात पांढरे होते. राखेनं घासले की तासाभरात होतात पांढरे, चन्नप्पाच्या मनात आलं.

"मिसरी?"

"त्येबी न्हाय. आईनं शपथ घातलीया. तिला ह्याच गिरणीतनं पानापाई काडलं हुतं. ह्याच चौदा नंबरवरनं."

"कोण आई तुझी?"

"फुलाबाई."

चन्नप्पानं मेजावरची बाटली उगीचच एकीकडून दुसरीकडे ठेवली. "जा आता. भोंगा होईल," एवढंच तो म्हणाला.

सुट्टी संपल्यावर मास्तर खोलीत आले, मागून बनाबाई आली, आणि दाराशी सोजरबाई उभी राहिली. चन्नप्पानं पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या मांडल्या आणि तिसरी म्हणून ती डागाळलेली लड.

"बनाबाई, ह्या पट्टीवर थुंका."

"मी?"

"पानाचा डाग कसा दिसतो ते बघायला पान पाहिजे. तुमच्या तोंडात आहे."

मास्तर हसले. बनाबाईनं रागारागानं पिचकारी मारली आणि चन्नप्पाकडे अशी बघत राहिली, की पुढची त्याच्यावरच.

आता चन्नप्पानं पहिला थेंब टाकला तो कोऱ्या पट्टीवर. पातळ तेजाब, मग त्यावर पिवळ्या बाटलीतलं औषध. मास्तरांनी भुवया वर केल्या. "कोऱ्यावर कशाला?"

"तेजाबाचा भरवसा नाही, साहेब. स्वस्तातल्या तेजाबात लोखंड असतं. मग कशावरही निळं दिसतं." औषधावरसुद्धा संशय घेणारा माणूस तो. कोरी पट्टी कोरीच राहिली. थेंबाची जराशी पिवळट ओल, बस्स. मग पानाची पट्टी. तांबडा रंग तेजाबानं फिका पडून विटकरी झाला, आणि तसाच राहिला.

मग लडीवरचा डाग. तेजाबाचा थेंब. पिवळ्या बाटलीतला थेंब.

डाग निळा झाला. हळूहळू नव्हे, एकदम, शाईसारखा गडद निळा. बनाबाईच्या तोंडचा विडा हलायचा थांबला.

"लोखंड," चन्नप्पा म्हणाला. "हा गंज आहे, साहेब. पान नाही."

चौघं रीळ खात्यात गेले. चौदा नंबरचा रहाट, लडी गुंडाळायचं ते मोठं चाक, भिंतीकडेला, कोपऱ्यात. चन्नप्पा सरळ वर बघू लागला. सूत तुटू नये म्हणून खात्यात वाफ सोडायचा जुना लोखंडी नळ बरोबर त्याच रहाटावरून गेला होता, आणि नळाच्या सांध्याला एक तांबूस थेंब लोंबत होता. तो पडायला कितीतरी वेळ लागला. सगळे माना वर करून बघत राहिले. शेवटी पडला, आणि रहाटावरच्या लडीवर नवा डाग उमटला.

"म्हनून ह्या जागंला कुनी टिकत न्हाय," बनाबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "बाया म्हनत्यात, कायतरी बाधा हाय हितं."

मास्तरांनी फिटरला बोलावलं, सोजरबाईला कामाला लागायला सांगितलं, आणि प्रकरण मिटलं. सोजरबाईनं चन्नप्पाकडे बघून हात जोडले. चन्नप्पानं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि तो घाईघाईनं खोलीत परतला, कारण त्याला आता एक रजिस्टर काढायचं होतं आणि ते काढायची भीती वाटत होती.

सन एकोणीसशे बावीसचं. अकरा वर्षांची धूळ. पान उलटता उलटता ते सापडलं: रीळ खातं, चौदा नंबर, फुलाबाई. शेजारी सुताचे चार दोरे चिकटवलेले, त्यांवर तांबूस डाग. खाली त्याच्याच वळणदार, नव्या नव्या नोकरीच्या अक्षरात: "डाग पानाचे आहेत." आणि सही.

थेंब टाकला होता का? नव्हता. चन्नप्पाला लख्ख आठवत होतं. जुने रंगमास्तर रजेवर होते, बाटली फळीवर होती, आणि बाईच्या गालात पान होतं. डाग तांबडा, बाई पानखाऊ, मग आणखी काय बघायचं? सगळ्या दुनियेचा संशय घेणाऱ्या या माणसानं तेवढ्या एका दिवशी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता.

त्यानं एका दोऱ्यावर थेंब टाकला. दोरा निळा झाला.

तो तसाच मास्तरांकडे गेला. मास्तरांनी ऐकून घेतलं, मग चष्मा पुसला. "अकरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर आहे ते चन्नप्पा. बंद झालेलं. आता ते उघडून कुणाचं भलं होणार आहे?"

"तिच्या नावावरचा डाग तरी पुसला जाईल, साहेब."

"आणि तुमच्या नावाचं काय?"

तो परत आला, जुन्या सहीखाली त्यानं नवी ओळ लिहिली, "वरील चूक आहे. डाग लोखंडाचे. थेंब टाकला नव्हता," आणि पुन्हा सही केली. मग उरलेले तीन दोरे ब्लेडनं अलगद सोडवून कागदात गुंडाळले, तेजाब आणि पिवळं औषध दोन छोट्या कुप्यांत भरलं, आणि पाचाला सोजरबाईची पाळी सुटल्यावर तो फाटकाशी तिची वाट बघत उभा राहिला.

"तुझ्या आईला भेटायचंय," तो म्हणाला. आता संशय घ्यायची पाळी सोजरबाईची होती. ती वाटभर त्याच्यापासून चार हात लांबूनच चालली.

पत्र्याच्या खोलीसमोर फुलाबाई उखळात शेंगा कुटत बसली होती. नाकापासून हनुवटीपर्यंत तिनं पदर घट्ट बांधला होता. शेजारच्या दारातली म्हातारी कौतुकानं म्हणाली, "आमच्या फुलाबाईची चटणी लई चोख. तोंड बांदल्याबिगर उखळाला हात लावत न्हाय."

फुलाबाईनं चन्नप्पाला लगेच ओळखलं. मुसळ थांबलं. पदर तिनं सोडला नाही, त्यातूनच बोलली. "पोरीनंबी डाग पाडला व्हय, अप्पा?"

"नाही. तिनं नाही पाडला." चन्नप्पा उभ्या उभ्याच म्हणाला, बसायची त्याला लाज वाटत होती. "तुम्हीपण नव्हता पाडला, फुलाबाई. तो गंज होता, नळाचा. मी न बघता लिहिलं. माझी चूक झाली."

त्याला वाटलं होतं ती चिडेल, शिव्या देईल. तिनं नुसती मान हलवली.

"न्हाय अप्पा. माजाच हुता."

"अहो, नव्हता."

"मला म्हाईत हाय की. मी लई पान खायची. पयल्यांदा मलाबी वाटलं, आपन न्हाय पाडला. पर तुमी कागदावर लिवलं. औषधाचा मानूस कशाला खोटं लिवंल? म्हंजी आपल्या तोंडातनं गळतंय, आन् आपल्याला कळत न्हाय." ती उखळाकडे बघत होती. "तवापास्नं पान सोडलं. तोंड बांदलं. लोकाच्या खान्यात काय पडाया नगं."

गिरणीनं तिची नोकरी काढून घेतली होती, ते सगळ्यांना दिसलं होतं. तिचा स्वतःच्या तोंडावरचा विश्वास त्यानं काढून घेतला होता, आणि अकरा वर्षं सगळी गल्ली त्या बांधलेल्या पदराला स्वच्छता म्हणत होती.

तो खाली मातीतच बसला. कुप्या काढल्या. कोऱ्या चिंधीवर थेंब टाकला, काही झालं नाही. जुन्या दोऱ्यावर टाकला, निळा झाला. "हा तुमचा डाग. बघा. लोखंड असलं की निळं."

फुलाबाईनं वाकून पाहिलं. "ह्यो तुमच्या औषधाचा रंग आसंल. पोरीचं काम ऱ्हावं म्हनून बोलताय तुमी. पानावर टाकून दावा."

सोजरबाई कोपऱ्यावरच्या टपरीवरून विडा घेऊन आली. फुलाबाईनं तो कितीतरी वेळ हातात धरला. मग भिंतीकडे तोंड केलं, पदराची गाठ सोडली, आणि विडा तोंडात घातला. चुना झोंबला असावा, तिला ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं. थोड्या वेळानं ती वळली आणि चिंधीवर थुंकली.

तेजाबाचा थेंब. डाग फिका पडला.

"बदलला की!" ती ओरडली.

"फिका झाला. निळा नाही." चन्नप्पानं पिवळ्या औषधाचा थेंब टाकला. डाग विटकरीच राहिला. "बघा. निळा यायचा तर लगेच येतो."

"थांबा."

"आता नाही येत, फुलाबाई."

"उशिरा आला तर? अकरा वर्सं मी बसले. तुमास्नी घटकाभर बसाया काय हुतंय?"

चन्नप्पा बसला. सोजरबाई उंबऱ्यावर टेकली. शेजारची म्हातारीही काय चाललंय ते न कळता येऊन बसली. गिरणीचा भोंगा झाला, रस्त्यानं रात्रपाळीची माणसं गेली, आणि फुलाबाई त्या चिंधीवरची नजर काढेना. डाग विटकरी होता, विटकरीच राहिला.

हळूच तिचा गाल हलायला लागला. आधी एकदा, मग थांबून परत, मग जुन्या सवयीनं संथपणे. पदर गळ्यात पडला होता, तिच्या लक्षातही नव्हतं. ओठाच्या कोपऱ्यातून एक तांबडी रेघ हनुवटीवर उतरली. ती बघून सोजरबाई पुढे झाली आणि तिनं आपल्या पदराचं टोक आईच्या तोंडाकडे नेलं.

फुलाबाईनं तिचा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि चिंधीकडे बघत चघळत राहिली.