माप घेऊ का?

सगळे तिला मास्तरच म्हणत. कापड बेतण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि बाईमाणसाला मास्तर कसं म्हणायचं हा प्रश्न गिऱ्हाइकांनी कधीच सोडून दिला होता. शाळा सुरू झाली की गणवेशाची मापं घ्यायला ती शाळेतच जाई.

तिची एक रीत होती. टेप दाखवून आधी विचारायची, "आता खांद्याचं माप. घेऊ?" पोर 'घ्या' म्हणालं की मगच हात लावायचा. 'नको' म्हणालं तर जुना गणवेश मागवून त्यावरून बेतायचं.

नवे मुख्याध्यापक दोनदा घड्याळ बघून गेले, तिसऱ्यांदा मात्र बोललेच. "मास्तर, दोनशे पोरं आहेत. अशा विनवण्या करत बसलात तर वर्ष सरेल."

"सरणार नाही. आपल्या अंगाला कोण हात लावणार ते आपण ठरवायचं, हे पोरांना फळ्यावर लिहून कळत नाही, साहेब. कोणीतरी विचारावं लागतं, आणि नाही म्हटलं तर ऐकावंही लागतं."

पुढे तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. समोरचे दात पडलेले, म्हणून वर्ग तिला बोळकी म्हणे.

"घेऊ?"

"नको!" ती एवढ्यानं ओरडली की रांग खोखो हसली.

"बरं," म्हणून मास्तरनं टेप गळ्यात अडकवली. "उद्या जुना गणवेश आण."

बोळकी जागची हलेना. ओरडा बसेल अशा तयारीनं तिनं खांदे आवळले होते. ते आता कुठे सैल झाले. मधली सुट्टी झाली, रांग पांगली, तरी ती तिथंच.

"मास्तर, मोठ्या माणसाला पण नको म्हणता येतं?"

"हो तर. आत्ता म्हणालीसच की मला."

"व्हॅनमधल्या काकांना म्हटलं. ते ऐकत नाहीत. मला चढता येतं तरी उचलतात, मांडीवर बसवतात आणि सोडतच नाहीत. कुणाला सांगितलंस तर आई तुलाच मारेल म्हणाले."

मास्तरनं चेहरा हलू दिला नाही. ती खाली बसली, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला आली.

"सांगितलंस ते फार बरं केलंस. चूक त्यांची आहे, तुझी काडीचीही नाही. आणि एक आधीच सांगते, हे मी गुपित ठेवणार नाही. तुझ्या आईला बोलावू. मी तुझ्याजवळच थांबते. चालेल?"

बोळकीनं मान डोलावली.

मुख्याध्यापकांनी ऐकलं आणि टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागले. "बारा वर्षं व्हॅनवर असलेला जुना माणूस आहे हो. लाडानं घेत असेल. आधी आपल्या आपल्यात जरा..."

"आपल्या आपल्यात काही नाही," मास्तर म्हणाली. "आज संध्याकाळी तो त्या व्हॅनमध्ये दिसता कामा नये. तुम्ही पोलिसांना फोन करताय की मी करू?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग फोन ओढला आणि स्वतःच नंबर लावला.

आई कारखान्यातून कामाच्या कपड्यांतच धावत आली. आल्या आल्या लेकीला पोटाशी धरलं आणि रडायलाच लागली. "मला का गं नाही सांगितलंस?"

"तू मारशील ना म्हणून."

"तुला? अगं, तुला कशाला मारू?"

मास्तरनं पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला.

पोलिस ठाण्यात एका बाईसाहेबांनी बोळकीला वेगळ्या खोलीत बसवलं आणि आई जवळ हवी का, हे तिलाच विचारलं. "हवी," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, न अडखळता. त्याच दिवशी त्या माणसाला ताब्यात घेतलं. चौकशी सुरू झाल्यावर आणखी दोन मुली बोलल्या. मुख्याध्यापकांनी सगळ्या पालकांची बैठक बोलावली, आणि आपण आधी काय म्हणालो होतो तेही त्यांनी सर्वांसमोर कबूल केलं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी ठाण्याच्या पायऱ्या उतरताना आईनं लेकीचा हात घट्ट धरला होता.

"आई," बोळकी म्हणाली, "मला खूप भूक लागलीय."

आई रडता रडता हसली, आणि दोघी झपाझप घराकडे निघाल्या.