बोंबलाची जोडी

दर्पण पालघरचा, पण बातम्या पाठवायचा एका परदेशी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या चॅनलला. “आमच्या बातम्यांना सरकार हात लावत नाही,” असं तिथल्या संपादक बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते वाक्य तो गावोगाव मिरवायचा.

घिवलीच्या किनाऱ्यावर त्याने येसूबाईला बोलतं केलं. बोंबील वाळत घालता घालता तिने आधी आपल्या सरकारला झोडपलं, मग खाडीत काळं पाणी सोडणाऱ्या कारखान्याला. कारखाना त्याच परदेशी सरकारच्या मालकीचा होता. दर्पणने दोन्ही पाठवलं.

आठवड्याने बातमी लागली, ती त्याने येसूबाईला मोबाइलवर दाखवली. पडद्यावरची येसूबाई सरकारवर तुटून पडली. कारखान्याची पाळी आली तेव्हा मात्र तिच्या जागी समुद्र दिसू लागला आणि सतार वाजू लागली.

“वेळ कमी पडला असेल,” दर्पण म्हणाला.

जबड्यात जबडा अडकवून दोन बोंबील दोरीवर टांगलेले होते, एक अलीकडे, एक पलीकडे. येसूबाईने त्यातला एक सोडवला. दुसरा वाळूत पडला.

“मी जोडी टांगलेली,” ती म्हणाली. “तुज्या बाईनं एक काढला, नि वर सांगते, हात नाय लावला?”

तेवढ्यात बाईंचाच मेसेज आला: ‘बातमी फार आवडली. कारखान्याचा विषय पुन्हा नको.’

“काय लिवलंय?” येसूबाईने विचारलं.

“बातमी फार आवडली म्हणतात,” दर्पण म्हणाला, आणि मोबाइल खिशात टाकला.