मॅग्नेशियाचा वंशज

मित्रांनो, मी फ्रीजच्या दारावरचा एक जुना मॅग्नेट आहे आणि माझे नाव मॅग्नेशिया या प्राचीन नगरीवरून आले आहे. मी स्वतः मात्र प्लास्टिकच्या कारखान्यात जन्मलो, दिसायला अननस आहे, आणि या घरात टूथपेस्टवर फुकट आलो.

माझी ही वंशावळ मला घरच्या आजोबांकडून कळली. ते निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर तेच काम घरी बिनपगारी चालू ठेवले. चहाला कोणी आले की फ्रीजपाशी उभे राहून शब्दांची गावे सांगत. मस्लिनचे तलम कापड मोसुलचे, डमास्कचे नक्षीदार कापड दमास्कसचे, लिहायचे चामडे पार्चमेंट पर्गममचे.

"आणि भावोजी, हा चहा कुठला?" आजीचा भाऊ विचारी.

"निवलेला," आजी आतून सांगे.

पुढे आजोबांचे शब्द निसटू लागले. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग वार. एकदा पाहुण्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून ते थांबले, ते थांबलेच. ही गावे ऐकून ऐकून आजीचे कान किटले होते. ती पटकन म्हणाली, "मॅग्नेट ना? मोसुलचा."

"अगं, मोसुल मस्लिनचं. हा मॅग्नेशियाचा."

चूक दिसली आणि शब्द परत आला. हाडात मुरलेली सवय.

तेव्हापासून आजी रोज चुकू लागली. भाजी निवडता निवडता पार्चमेंट दमास्कसला धाडी, डमास्क मोसुलला.

"तुला काही म्हणजे काही लक्षात राहत नाही," आजोबा करवादत.

"वय झालं माझं," ती म्हणे, आणि उद्याची चूक शोधू लागे.

एका सकाळी तिने विचारले, "अहो, मॅग्नेट मोसुलचा ना?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"असेल. तुला जास्त माहीत."

आजीच्या हातातली शेंग हातातच राहिली. "मोसुलचा नाही हो," ती म्हणाली.

त्यालाही त्यांची हरकत नव्हती.

मित्रांनो, घरात कोणी चुका काढत असेल तर काढू द्या. जमल्यास दोन जास्त करा.

आजोबा गेल्यावर मुलीने आजीला नवा फ्रीज घेऊन दिला. त्याचे दार काचेचे आहे. काचेला मॅग्नेट चिकटत नाही.